साताऱ्यावरनं आगाखान पॅलेस : एका दिवसात, पण नीट बघायचं तर

पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही वीस मिनिटांत बाहेर आलो होतो. गल्लीतल्या चौदा बायका, पाच पोरं, टेम्पो ट्रॅव्हलर ठरवलेली, आणि ट्रॅव्हलवाल्यानं आखून दिलेला कार्यक्रम असा की सकाळी सारसबाग, मग दगडूशेठ, मग शनिवारवाडा, मग तुळशीबाग, तिथं अर्धा तास म्हणून सोडलेल्या बायका दोन तासांनी पिशव्या सांभाळत परत आल्या, आणि उरल्या वेळात आगाखान पॅलेस, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीत गांधीजी नि कस्तुरबांना कैदेत ठेवलं होतं तो पुण्यातला महाल. ड्रायव्हर गाडी बंदसुद्धा करायला तयार नव्हता. पुढच्या हिरवळीवर फोटो काढले, कमानी काय भारी आहेत म्हणालो, एका खोलीत डोकावलो नि गाडीत बसलो. आमच्या आत्या (म्हणजे सासूबाई, आमच्याकडं आत्याच म्हणतात) परतीला गप्पच होत्या, खंबाटकी चढताना एवढंच म्हणाल्या, "ती कस्तुरबा माउली गेली ती खोली कुठली गं?" गाडीत कुणालाच सांगता येईना.

दुसऱ्यांदा मग ठरवून गेलो, फक्त तेवढंच बघायला. आता गल्लीत, माहेरी, पोराच्या शाळेत कुणीही पुण्याला निघालं की मला विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

जायच्या आधी घरी बसून करायचं काम

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि हेच कुणी करत नाही. अशा घरात डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू थोड्याच असतात. बैठक, डेस्क, चरखा, भांडी, चपला, भिंतीवर फोटो नि चित्रं. गोष्ट माहीत नसली तर आपल्या आजोबांच्या माळ्यावरचं सामान नि हे, फरक काय? त्यामुळं एक वहीचं पान घ्या नि त्यावर तारखा लिहून काढा, मी लिहिलेलं पान असं होतं:

९ ऑगस्ट १९४२, पहाटे मुंबईत गांधीजींना पकडलं, रेल्वेनं आणून चिंचवडला उतरवलं नि तिथनं मोटारीनं पॅलेसवर. नेहरू, पटेल, आझाद या मंडळींना नगरच्या किल्ल्यात नेलं. ११ ऑगस्टला कस्तुरबा आल्या, बरोबर डॉक्टर सुशीला नय्यर. १५ ऑगस्टला गांधीजींचे सेक्रेटरी महादेवभाई देसाई हार्ट अटॅकनं गेले, म्हणजे येऊन आठवडा पण झाला नव्हता. १० फेब्रुवारी १९४३ पासून गांधीजींचा २१ दिवसांचा उपास. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीच्या दिवशी कस्तुरबा गेल्या. ६ मे १९४४ ला गांधीजी सुटले.

एवढंच. पोरांना यावर एक गणित घाला, ९ ऑगस्ट ४२ ते ६ मे ४४ किती दिवस होतात? आमच्या धाकट्यानं बसमध्ये बोटं मोजून ६३५ काढले नि मैत्रिणीच्या लेकीनं ६३६, त्यावरनं शिरवळपर्यंत भांडण, शेवटी कळलं १९४४ लीप वर्ष होतं, याने २९ फेब्रुवारी गाळलेली. ६३६ बरोबर. ते आकडे पोरांच्या डोक्यात अजून आहेत, नुसतं "गांधीजी इथं कैदेत होते" सांगितलं असतं तर गेटच्या बाहेर विसरले असते.

मोठ्या माणसांना दुसरी गोष्ट सांगा, आपल्या इकडची. गांधीजी तिथं तारेच्या कुंपणाआड असतानाच आपल्या जिल्ह्यात काय चाललं होतं ते. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला नि गोळीबार झाला, हुतात्मा परशुराम घार्गे त्यात पडले, दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला तेच. मग क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेलं लोकांचं सरकार, लोक पत्री सरकार म्हणायचे ते. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वे लुटली. जुलैत वसंतदादा पाटील सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. (तेव्हा सातारा जिल्हा आत्ताच्या सांगलीपर्यंत पसरलेला होता, कुंडल, वाळवा सगळं साताऱ्यातच.) आमच्या बरोबर एक काकू होत्या, माहेर खटाव तालुक्यातलं, त्यांनी वडूजचं नाव निघाल्यावर जे सुरू केलं ते थेट खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत, मला काही वेगळं सांगावंच लागलं नाही. तुमच्या गाडीत पण असं कुणीतरी निघतंच, त्यांना बोलू द्या, गाणी नंतर लावा.

आणि एक शब्दाचं. पोरं विचारतात की जेल नव्हतं तर मग काय होतं. स्थानबद्धता म्हणजे राहतं घर हाच तुरुंग. सातारकरांना हे समजावायला सोपं आहे, आपल्या प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारनं १८३९ मध्ये गादीवरनं काढलं, आधी लिंबला नेलं, तेच आपलं बारा मोटेच्या विहिरीचं लिंब, नि तिथनं काशीला, ते १८४७ ला तिकडंच गेले. ती हद्दपारी. पॅलेसमधली मंडळी हद्दपार नव्हती पण दाराबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती, खटला नाही की शिक्षा ठरलेली नाही, कधी सुटणार तेही माहीत नाही. माझ्या मते हे जास्त वाईट, पण आत्यांचं म्हणणं परक्या मुलखात मरण्याइतकं वाईट काही नाही, आणि खरं तर पॅलेसमध्ये तेही झालंच की.

जायचं कसं

स्वतःची गाडी नेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. साधारण ११० किलोमीटर, हायवे चांगला, आणेवाडी नि खेड-शिवापूर असे दोन टोल, सकाळी जाताना खंबाटकीच्या बोगद्यातनं झटक्यात पलीकडं, पण खरा वेळ कात्रजच्या पुढं जातो. पॅलेस नगर रोडला, येरवड्यात, म्हणजे आपल्याकडनं गेलं तर शहराच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला. हडपसर, मगरपट्टा, मुंढवा करत कल्याणीनगरात निघता येतं, पण ज्यांचा दादला पुण्यातल्या सिग्नलला चिडतो त्यांनी हा उपाय करू नये.

एसटी धरा. साताऱ्याच्या स्टँडवरनं स्वारगेटची विनाथांबा मिळते, बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरच्या वरच्यांना फुकट (आधार कार्ड बरोबर ठेवा, आत्यांचं देव्हाऱ्यात राहिलं होतं, पोराला गोडोलीतनं परत पाठवावं लागलं). स्वारगेटला उतरलं की तिथंच मेट्रो. स्वारगेटवरनं जिल्हा न्यायालय, तिथं बदलायचं, नि दुसऱ्या लाइननं रामवाडीकडं जाणारी धरून कल्याणीनगर. तिथनं चालत किंवा रिक्षानं. जिल्हा न्यायालयाचं स्टेशन पार खाली आहे, शंभर फुटांच्या वर खोल, आणि आपली पुढची मेट्रो वरनं उड्डाणपुलावरनं जाते, म्हणजे एकावर एक सरकते जिने चढत बसायचं. ज्येष्ठांना लिफ्टनंच न्या. आमच्यातल्या दोन काकू सरकत्या जिन्याला घाबरून पहिल्या पायरीवर पाय उचलून उभ्या राहिल्या, मागं ऑफिसची गर्दी, शेवटी एका कॉलेजच्या पोरीनं दोघींचे हात धरून वर आणलं. पण मेट्रोत बसल्यावर दोघी अशा खूश, की पॅलेस राहू दे, अजून एक फेरी मारू म्हणत होत्या.

रेल्वेच्या भानगडीत पडू नका, आपलं स्टेशन माहुलीला, गावापासनं लांब, नि गाड्यांच्या वेळा आपल्या सोयीच्या नाहीत.

सहाची एसटी मिळाली तर बरं. दिवस कुठला? रविवार नको. २ ऑक्टोबर, १५ ऑगस्ट, ३० जानेवारी या दिवशी गर्दी, शाळांच्या रांगा, त्या दिवशी शांतपणे काही बघून होत नाही. थंडीतला मधला वार सगळ्यात छान. पावसाळ्यात बाग हिरवीगार दिसते पण ओल्या वाटेवर म्हाताऱ्या माणसांना धरूनच चालवायचं.

बरोबर काय घ्यायचं: पाणी, टोपी, धपाटे नि शेंगदाण्याची चटणी (आत बागेत डबे उघडू नका, बाहेर येऊन खा), पोरांना गप्प बसवायला कंदी पेढे, आणि पायमोजे. हो, पायमोजे. मागं समाधीपाशी चपला काढाव्या लागतात नि दुपारची फरशी अशी तापते की माणूस हात जोडायच्या ऐवजी नाचायला लागतं. आम्ही पण नाचलो.

तिकीट पुरातत्त्व खात्याचं असतं, फार नाही, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

आत गेल्यावर

गेटातनं आत आलं की समोर एवढी मोठी हिरवळ नि पांढरी कमानींची इमारत दिसते की पहिला हात मोबाइलकडंच जातो. जाऊ दे, काढा फोटो, दहा मिनिटं ठरवून द्या नि संपवा. इमारतीचं थोडक्यात सांगायचं तर तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी १८९२ मध्ये बांधली, आजूबाजूच्या दुष्काळी लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ती देशाला देऊन टाकली. गंमत म्हणजे महादेवभाईंचा जन्म पण १८९२ चाच, घर नि माणूस एका वयाचे.

मग व्हरांड्यात या. आणि आत लगेच घुसू नका, बागेकडं तोंड करून उभे राहा. या सगळ्याच्या भोवती काटेरी तार होती नि पहारा होता एवढं पोरांना सांगा. राजवाडा बघून लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "एवढ्या महालात ठेवलं होतं, मग कसली कैद?" आमच्यात पण एकीनं विचारलंच. तर गांधीजींचीच तक्रार होती ही. एवढं मोठं घर, एवढा पहारा, हा खर्च जनतेच्या पैशातनं कशाला, मला साध्या तुरुंगात ठेवा, असं त्यांनी सरकारला लिहून कळवलं होतं. हे सांगितलं की पुढचं सगळं वेगळं दिसतं, कमानी नुसत्या कमानी राहत नाहीत.

आतल्या खोल्यांत घाई करू नका नि सगळं वाचायचा अट्टहास पण करू नका. फोटोखालच्या माहित्या एकापाठोपाठ एक वाचत गेलं की चौथ्या फोटोनंतर कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही. त्यापेक्षा वहीच्या पानातली तारीख नि भिंतीवरचा फोटो जुळवा. वस्तू तीन-चारच निवडा नि तिथं थांबा. मला विचाराल तर भांडी नि चपला. पुस्तकात वाचलेला माणूस तिथं घरातला माणूस होतो.

त्या घरात कोण कोण होतं हे पण बायकांना भारी आवडतं. गांधीजी, बा (म्हणजे कस्तुरबा), महादेवभाई, मीराबेन, प्यारेलाल, सुशीलाबेन, पुढं डॉक्टर गिल्डर, बांच्या शुश्रूषेसाठी नागपूरच्या तुरुंगातनं आणलेली गांधीजींची कोवळ्या वयाची चुलत नात मनू, आणि सरोजिनी नायडू, ज्यांनी तिथल्या खाण्यापिण्याचा कारभार हातात घेतला होता. म्हणजे एका छताखाली कवयित्री, डॉक्टर, इंग्रज दर्यासारंगाची मुलगी (मीराबेन), सेक्रेटरी. आणि चुलीपाशी काय चाललं असेल हो? कस्तुरबांना गांधीजी तिथं भूगोल शिकवायचे, चौऱ्याहत्तरीच्या बाईला, त्यांचं पाठ होईना नि त्या वैतागायच्या. हे मी सांगितलं तर आत्या पदर तोंडाला लावून हसल्या, म्हणाल्या, "नवरे कुठं सुधरतात, तुरुंगात गेले तरी शिकवणारच."

आणि मग बांची खोली. इथं मात्र थांबा. मी म्हणते पॅलेस गांधीजींच्या नावानं बघायला जातात सगळे, पण ते घर खरं बांचं आहे. गांधीजी तिथनं सुटून बाहेर आले, बा आल्याच नाहीत. शेवटचे काही महिने हृदय थकलेलं, श्वास लागायचा, रात्र रात्र बसून काढायच्या. अगदी शेवटी मुलगा देवदास यांनी कलकत्त्याहून विमानानं पेनिसिलिन मागवलं होतं, तेव्हा नवीनच औषध ते, पण दर काही तासांनी इंजेक्शन टोचायचं म्हटल्यावर गांधीजी नको म्हणाले, आता तिला शांतपणे जाऊ दे. यावर आमच्या परतीच्या एसटीत जुंपली. एकीचे वडील मागच्या वर्षी आयसीयूत नळ्या लावलेल्या अवस्थेत गेले, ती म्हणाली गांधीजींचं बरोबर होतं. दुसरी म्हणाली औषध दारात आलं होतं, द्यायला पाहिजे होतं, बाईचा जीव म्हणून नाही दिलं. मिटलं नाही ते भांडण, अजून हळदीकुंकवाला निघतं.

आत्या त्या खोलीपाशी बराच वेळ होत्या. त्यांनी स्वतः आमच्या आजेसासूबाईंचं अंथरुणातलं सगळं केलंय, तीन वर्षं. काचेतनं वाकून त्यांनी खिडकी कुठंय ते बघितलं, मग मला विचारलं, "पलंग खिडकीकडं तोंड करून होता का गं?" मला काय माहीत. पण मी एवढ्या वेळा गेले, खिडकी बघायचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, आता मी प्रत्येकाला ती बघायला सांगते.

मागच्या बाजूला

निम्मे लोक इथपर्यंत येतच नाहीत, समोरूनच परत जातात. इमारतीच्या मागं बागेतनं वाट आहे, थोडंच चालायचं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना मध्ये सावलीत टेकवत न्या. तिथं महादेवभाई नि कस्तुरबांच्या समाध्या आहेत, दोघांचे अंत्यसंस्कार याच आवारात झाले, आणि गांधीजींच्या अस्थींचा काही भाग पण इथं ठेवलाय. महादेवभाई गेल्यावर गांधीजी रोज त्या जागेवर फुलं वाहायला यायचे. पुढं दीड वर्षानं शेजारी बांची चिता.

गोष्ट सांगायची तर इथं सांगा, खोलीत नको, तिथं मागून लोक ढकलतात. बांना नेसवलेली साडी गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची होती. चितेला चंदन होतं, आणि ते चंदन म्हणे आदल्या वर्षीच्या उपासात गांधीजी जातील म्हणून सरकारनं आणून ठेवलेलं, असं त्यावेळच्या आठवणींत येतं. चिता विझेपर्यंत म्हातारा झाडाखाली बसून राहिला, बासष्ट वर्षांचा संसार. आणि अस्थी गोळा करताना बांच्या हातातल्या काचेच्या पाच बांगड्या राखेत अखंड सापडल्या.

मी हे बांगड्यांचं सांगितलं नि पुढं काही बोलावंच लागलं नाही. चौदा बायका नि एकीच्याही बांगड्यांचा आवाज नाही. खटावच्या काकूंनी पिशवीतनं सोनचाफ्याची चार फुलं काढली, घरनं रुमालात ओली करून आणलेली, मला पण सांगितलं नव्हतं. तुम्ही नेणार असाल तर सुटी फुलं न्या, प्लास्टिकच्या पिशवीतले हार नि उदबत्त्या नकोत, कचरा तिथंच पडतो.

इथं किमान वीस मिनिटं बसा. पोरं कंटाळतात, त्यांना पेढे द्या नि झाडं मोजायला पाठवा.

बाहेर पडताना खादीचं दुकान आहे, रुमाल, टॉवेल, कुर्त्याचं कापड. सगळं दोन-अडीच तासांत होतं, आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. तुळशीबाग तर नाहीच नाही, मी स्वतः सांगते, मला पण मोह होतो. अगदीच पाहिजे असेल तर दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी अर्धा दिवस पाचगणीचा जोडा, गांधीजी सुटल्यावर प्रकृती सुधारायला जुलै १९४४ मध्ये पाचगणीला येऊन राहिले होते, म्हणजे पॅलेसच्या गोष्टीचा पुढचा भाग आपल्या जिल्ह्यातच आहे. पोरांना पाचगणी म्हणजे स्ट्रॉबेरी नि टेबललँड, हे माहीत नसतं.

परतीचं मात्र ऐका. दुपारी तीनच्या आत स्वारगेटला या. साडेचारनंतर कात्रजपासनं गाड्या मुंगीसारख्या सरकतात, आणि येताना आम्हाला बोगदा नव्हता, खंबाटकीचा घाट चढावा लागला, एक कंटेनर आडवा झाला की दोन तास गेले. आम्ही तीनचं ठरवून पाच वाजवले, साताऱ्यात उतरलो तेव्हा नऊ वाजून गेलेले. पाच वाजले तुम्हाला पण, तर एसटीत बसल्या बसल्या घरी फोन करा नि कुकर लावायला सांगा.